बोळक्याचा स्कॅन तुटतो किंवा जोड चुकतो: कुठून तपासायला सुरुवात करायची

कवळीच्या मापासाठी दात नसलेल्या तोंडात, म्हणजे बोळक्यात, स्कॅनर फिरवला की स्कॅन टाळूच्या मध्यावर येऊन थांबतो. पडद्यावरचं चित्र गोठतं, यंत्र टूं टूं करतं आणि 'मागे जा, आधीचा भाग दाखवा' म्हणतं. मागे गेलं की ओळखतं, पुढे आलं की पुन्हा हरवतं. माझ्याकडे येणारे बहुतेक फोन या लक्षणाचे.

दुसरं लक्षण: चित्र थांबत नाही, पण हिरडीवर हिरडी चढते. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे दोन थर दिसतात, मध्ये पायरी. तिसरं: चित्र देखणं, एकही भोक नाही, पण त्यावरून छापलेल्या मॉडेलवर बेसप्लेट, म्हणजे कवळीचा नुसता तळ, केली की ती तोंडात डुगडुगते. उजवीकडे दाबली की डावीकडे उचलते. चौथं फक्त खालच्या जबड्याचं: जिभेकडची भिंत फाटलेली येते, नाहीतर तिथे जिभेचाच एक तुकडा चिकटलेला असतो. पाचवं लक्षण फसवं आहे. डुगडुगत नाही, टोचत नाही, पण आजीने जांभई दिली की वरची कवळी खाली येते. हे पाचवं स्कॅनरच्या बिघाडाचं नाहीच, त्यामुळे ते शेवटी घेतो.

मी डॉक्टर नाही. कुडाळात माझी कवळ्यांची लॅब आहे. पूर्वी मापं एसटीच्या पार्सलातून यायची. अल्जिनेटचं, म्हणजे तोंडात घट्ट होणाऱ्या लगद्याचं, माप ओल्या फडक्यात गुंडाळून देवगडहून निघायचं आणि माझ्या टेबलावर पोचेपर्यंत आकसलेलं असायचं. ते माप लगेच प्लास्टरने भरायचं असतं हे सगळ्यांना माहीत, पण एसटीला कोण सांगणार? आता फाइल येते. डॉक्टर मंडळी दातांच्या कॅपसाठी स्कॅनर घेतात, त्यात खूश असतात, आणि पहिलं बोळकं खुर्चीत बसलं की फोन येतो: "भाऊ, मशीन बिघडलं." गणपतीच्या आधीच्या महिन्यात तर रोज. मुंबईचे चाकरमानी यायच्या आत घरातल्या म्हाताऱ्यांना कवळी हवी असते.

मशीन बहुतेक वेळा बिघडलेलं नसतं. ते लहान लहान तुकडे टिपतं आणि एकाची कड दुसऱ्याच्या कडेशी जुळवत पुढे जातं. दातांवर खाचा, टोकं, कडा असतात, त्यामुळे जुळवणं सोपं. बोळक्यात त्याची गत दाट धुक्यात सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, चालणाऱ्या माणसासारखी होते. झाड नाही, गडगा (दगडी कुंपण) नाही, चहूकडे सारखाच कातळ. वर हा कातळ ओला, चकचकीत आणि हलता. हे डोक्यात ठेवलं की पुढचा क्रम आपोआप पटतो.

आधी फुकटातलं

केस उघडताना सॉफ्टवेअरमध्ये 'दात नसलेला जबडा' हा पर्याय निवडला होता का? असतो बऱ्याच ठिकाणी, पण घाईत कॅपच्या केससारखीच केस उघडली जाते. दातांच्या केसमध्ये सॉफ्टवेअर गाल, जीभ, बोट ओळखून आपोआप पुसून टाकतं. तिथे ती सोय आहे. बोळक्यात आपल्याला हवी असलेली मऊ हिरडीच ते कचरा समजून पुसतं. आपण रंगवत जातो आणि ते मागून खोडत येतं. वेगळा पर्याय नसेल तर मऊ भाग आपोआप काढायची सोय बंद करा. सावंतवाडीच्या बाजूला एका दवाखान्यात मी पाऊण तास गाडी चालवून गेलो आणि हे एक बटण बंद करून परत आलो. प्रवासखर्च मागायची लाज वाटली.

मग खुर्चीवरचा दिवा. तो तोंडावरून बाजूला वळवा. स्कॅनर स्वतःच्या प्रकाशावर काम करतो, आणि ओल्या हिरडीवर बाहेरच्या दिव्याचा चमचमाट पडला की त्याला खरा उतार आणि चमक यातला फरक कळत नाही.

लॅपटॉपचा चार्जर लावलेला आहे ना? बॅटरीवर लॅपटॉप स्वतःचा वेग कमी करतो. तुकडे जुळवायचं काम ग्राफिक कार्डाचं असतं, ते मागे पडलं की आपला हात पुढे आणि हिशोब मागे. आमच्याकडे पावसात लाईट येते-जाते, त्यामुळे इन्व्हर्टरवर चाललेला दवाखाना आणि चार्जरविना लॅपटॉप ही जोडी मी बरेचदा पाहिली आहे. मे महिन्यात दुसरं कारण असतं: तापलेला लॅपटॉपही तसाच संथ होतो. गादीवर, फायलींच्या ढिगावर ठेवू नका.

आता टिप, म्हणजे स्कॅनरचं तोंडात जाणारं टोक. टिपेतला आरसा स्वच्छ, कोरडा आणि कोमट हवा. एसीच्या खोलीत गार पडलेली टिप दमट तोंडात गेली की आरशावर वाफ धरते, चष्म्यावर धरते तशीच. बहुतेक स्कॅनरमध्ये टिप गरम करायची सोय असते, पण तिला वेळ लागतो आणि कोणी थांबत नाही. यंत्र तयार झालं असं दाखवेपर्यंत थांबा. नंतर टिप उजेडात तिरकी धरून बघा: आरशावर धुरकटपणा, ओरखडे, कडेला काळे ठिपके? टिप वाफेने निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हमध्ये किती वेळा घालायची याची मर्यादा कंपनीने माहितीपुस्तकात दिलेली असते. मोजत कुणीच नाही. डब्यावर पेनाने रेघा मारा, दूधवाल्याच्या हिशोबासारख्या. धुरकट आरशावर दाताचा स्कॅन निभावून जातो, हिरडीचा नाही.

आणि दोन आकारांच्या टिपा असतील तर मोठी लावा. लहान टिप एका वेळी थोडंच बघते, आणि सड्यावर थोडंच बघणाऱ्याची वाट लवकर चुकते.

प्लास्टरवर करून बघा

एवढं करून तुटत असेल तर पेशंटला पाच मिनिटं बसवा आणि ही तपासणी करा. संपूर्ण पोस्टमधली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

लॅबकडून बिनदातांच्या जबड्याचं एक जुनं प्लास्टर मॉडेल मागून घ्या. त्याच्या माथ्यावर, म्हणजे हिरडीच्या उंच कण्यावर, तीन ठिकाणी बारीक खड्डे पाडा: दोन्ही बाजूंना मागे एकेक आणि पुढे एक. व्हर्निअर कॅलिपरने त्यांच्यातली अंतरं मोजा आणि मॉडेलच्या तळावरच लिहून ठेवा. आता हे कोरडं मॉडेल स्कॅन करा आणि सॉफ्टवेअरमधल्या मोजपट्टीने तीच अंतरं बघा.

प्लास्टर चमकत नाही, हलत नाही, त्याला लाळ सुटत नाही. तिथे स्कॅन एका दमात झाला आणि अंतरं जुळली तर यंत्र धडधाकट आहे, दोष तोंडात किंवा हातात आहे. पुढचा भाग तुमच्यासाठी. पण प्लास्टरवरही तुटला, किंवा मागचं आडवं अंतर अर्धा मिलिमीटर किंवा जास्त चुकलं, तर तोंडात कितीही घाम गाळून उपयोग नाही. कॅलिब्रेशन (यंत्राचं माप पुन्हा जुळवणं) करायचा पर्याय असेल तर करा, दुसरी टिप लावून बघा, वायर दुसऱ्या पोर्टला जोडा. आमच्याकडे समुद्राकाठच्या दवाखान्यांत यूएसबीच्या टोकावर हिरवट बुरशीसारखं काही चढलेलं मी पाहिलं आहे. खारी हवा धातूला सोडत नाही. एक-दोन दशांश मिलिमीटरचा फरक मी सोडून देतो, तेवढी चूक कॅलिपर धरणाऱ्या हाताचीही असते.

इतकं करूनही प्लास्टर जुळलं नाही तर तिथेच थांबा आणि कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा. स्कॅनरचं हँडल उघडू नका. आतल्या भिंगांची जागा हलली की ती घरी परत बसत नाही, वॉरंटी जाते ती वेगळी.

लाळ, गाल आणि हात

लाळेचा त्रास दोन प्रकारचा. पातळ लाळ चमकते. घट्ट, तार धरणारी लाळ खळग्यात साचते आणि स्कॅनर तिलाच हिरडी समजून टिपतो, म्हणजे खळगा भरून येतो आणि कवळी तिथे बसत नाही. कोमट पाण्याने चूळ भरायला सांगा, गॉजने टिपून घ्या, सक्शन चालू ठेवा. हवेचा फवारा जपून मारा. सैल हिरडीवर जोरात हवा मारली की ती थरथरते, आणि तुम्ही नेमक्या थरथरत्या हिरडीचं चित्र घेता. अगदी कोरडंठाकही करू नका. वाळलेल्या गालाला टिप चिकटते, ओढली जाते, आणि आजी म्हणते, "झिला, वायच पाणी दी." मग पुन्हा पहिल्यापासून.

दोन थर चढण्याचं कारण जवळजवळ नेहमी गाल असतो. पहिल्या फेरीत गाल एका बोटाने ओढला, दुसऱ्या फेरीत आरशाने, जरा जास्त. स्कॅनरच्या दृष्टीने भिंत सरकली. त्याला दोन्ही खऱ्या वाटतात, म्हणून तो दोन्ही ठेवतो. उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे: एकाच माणसाने, एकाच हाताने, एकाच ताणाने गाल धरायचा. प्लास्टिकचे मोठे रिट्रॅक्टर लावून ओठ ताणून धरतात, ते फोटोसाठी ठीक. कवळीची कड जिथे बसणार ती खाचच त्याने सपाट होते.

वाट

वरच्या जबड्यात मी डॉक्टरांना अशी वाट सांगतो. एका बाजूच्या मागच्या टेकडीपासून, म्हणजे ट्युबरॉसिटीपासून, माथ्यामाथ्याने दुसऱ्या बाजूच्या टेकडीपर्यंत एक सलग फेरी. थांबा, पडद्यावर बघा. ही कमान तुटक आली असेल तर पुसा आणि पुन्हा करा, कारण पुढचं सगळं हिच्यावर लटकणार आहे. मग गालाकडच्या बाजूने परत. टाळू सगळ्यात शेवटी, आणि तो मधूनच सुरू करायचा नाही. पुढचे दात जिथे होते त्याच्या मागे टाळूवर ज्या आडव्या वळ्या असतात, रुगी, त्या म्हणजे सड्यावरचा एकमेव गडगा. तिथून निघा आणि नागमोडी मागे जा. प्रत्येक वळणावर एकदा माथ्याला शिवून या. माथा आधीच टिपलेला असल्यामुळे यंत्राला दर वेळी ओळखीची जागा सापडते. सरळ मध्यरेषेवरून मागे गेलात तर दोन बोटांवर हरवणार, कारण तिथे टाळू काचेसारखा असतो.

काही जण रुगीपासूनच सुरुवात करतात आणि तेही चालतं. तुमच्या यंत्राच्या पुस्तकात जी वाट दिली आहे ती आधी करून बघा. दर वेळी वेगळी वाट मात्र नको.

खालच्या जबड्यात मागच्या गादीपासून, रेट्रोमोलर पॅडपासून, माथ्याने पलीकडच्या गादीपर्यंत जा. मग जिभेकडची बाजू, शेवटी गालाची. जिभेकडची बाजू करताना जीभ आरशाने अलगद बाजूला धरा, दाबू नका. दाबली की पेशंट ती जोर लावून परत आणतो, आणि तिच्यासोबत तोंडाचा तळ वर येतो. माथा रुंद असेल तर हे जमतं. माथा झिजून दोरीएवढा उरला असेल तर जीव काढतं. कॉवुड आणि हॉवेल या दंततज्ज्ञांनी १९८८ साली झिजलेल्या जबड्यांचे जे वर्ग केले, त्यातला पाचवा म्हणजे सपाट आणि सहावा म्हणजे खोलगट. अशा खालच्या जबड्याचा नुसता स्कॅन मी लॅबमध्ये घेत नाही. सरळ नाही म्हणतो. डॉक्टर नाराज होतात, पण परत आलेल्या कवळीपेक्षा ते बरं.

खुणा लावणं

वाट बरोबर, लाळ आटोक्यात, तरी टाळूवर हरवतोच आहे? मग सड्यावर आपणच दगड मांडायचे. हिरडी टिपून घ्या आणि प्रेशर इंडिकेटर पेस्टचे (कवळी कुठे दाबते ते दाखवणारी पेस्ट) बारीक ठिपके टाळूवर ठेवा. ठिपके समान अंतरावर, रांगेत ठेवू नका. रांग म्हणजे पुन्हा सगळीकडे सारखंच, यंत्र एका ठिपक्याला दुसरा समजतं. वेडेवाकडे, कमी-जास्त अंतरावर ठेवा. ते दवाखान्यातल्या, तोंडात वापरायच्या पदार्थाचेच हवेत. दुकानातलं मार्कर पेन वापरलेलं मी पाहिलं आहे, कुठे ते सांगत नाही. आणि फाइल पाठवताना ठिपके लावलेत हे लॅबला कळवा, नाहीतर ते मॉडेलवर उंचवटे म्हणून छापले जातात आणि कवळीत खळगे पडतात.

जुनी कवळी काढून ठेवली होती का?

हा प्रश्न खरं तर सगळ्यात आधी, अपॉइंटमेंटच्या फोनवरच विचारायला हवा. सैल झालेली कवळी वर्षानुवर्षं दिवसरात्र घातलेल्या माणसाच्या हिरड्या दबलेल्या, सुजलेल्या, लाल असतात. आज घेतलेला स्कॅन सुजेचा असतो. कवळी येईपर्यंत सूज उतरते आणि नवी कवळी पहिल्या दिवसापासून ढिली. निदान २४ तास कवळी बाहेर हवी, लाली जास्त असेल तर डॉक्टर आणखी दिवस सांगतील. पेशंट ऐकत नाहीत. दोन एसटी बदलून आलेली बाई बोळक्या तोंडाने प्रवास करणार नाही, आणि तिचं चूक नाही. मग त्या दिवशी फक्त तपासणी करा. स्कॅनला पुढची तारीख द्या.

स्कॅन चांगला, कवळी तरी पडते

आता ते पाचवं लक्षण. स्कॅनर हिरडीला हात लावत नाही. ती विसावलेली असताना जशी दिसते तशी टिपतो. काही ठिकाणी हे फायद्याचं आहे. वरच्या जबड्याच्या पुढच्या भागात हिरडी मऊ, लोंबती झालेली असते, विशेषतः खाली फक्त पुढचे नैसर्गिक दात उरलेल्या माणसांत. केली या दंततज्ज्ञांनी १९७२ साली या जोडीचं वर्णन केलं होतं. ट्रेने, म्हणजे माप घ्यायच्या ताटलीने, माप घेतलं की ही हिरडी दाबून वाकडी होते, स्कॅनर तिला जागच्या जागी टिपतो. तिथे मी स्वतः स्कॅनचा आग्रह धरतो.

पण कवळी वर धरून ठेवते ती कडेची सीलबंद पट्टी. गाल, ओठ, जीभ हलवत ग्रीन स्टिकने, म्हणजे गरम केल्यावर मऊ होणाऱ्या कांडीने, कडा घडवतात, त्यातून कळतं की खाच किती खोल भरली तर हवा आत शिरणार नाही आणि गाल कवळी ढकलणार नाही. स्कॅनर ही हालचाल टिपत नाही. तो आपण ओढून धरलेल्या गालाची खाच दाखवतो. टाळूच्या मागची रेघही तशीच. 'आ' म्हणायला लावलं की मऊ टाळू जिथून हलतो ती जागा बोटाला आणि डोळ्याला कळते. ती कॉपिंग पेन्सिलने (ओल्या हिरडीवर उमटणारी रंगीत पेन्सिल) आखून स्कॅन केली तरच फाइलमध्ये येते, आणि तीही फाइल पीएलवाय किंवा ओबीजे या प्रकारची असेल तर. एसटीएल प्रकारच्या फाइलमध्ये रंग राहत नाही. सुंदर आखलेली रेघ एसटीएलमध्ये पाठवली की माझ्याकडे कोरा टाळू येतो.

म्हणून कवळी पडत असेल तर पुन्हा पुन्हा स्कॅन करू नका, पद्धत बदला. पेशंटची जुनी कवळी बऱ्यापैकी असेल तर तिच्या कडा नीट करून आत पातळ सिलिकॉनचं माप घ्या, तोंड मिटून, गाल-ओठ हलवून. मग ती कवळी बाहेर काढून सगळ्या बाजूंनी स्कॅन करा: आतून, बाहेरून, दातांकडून. बाहेर लाळ नाही, जीभ नाही, आणि दातांमुळे जुळवायला खुणा आयत्या. कडा मिळाल्या, टाळूची मागची रेघ मिळाली. कवळी दुसऱ्या जबड्याच्या कवळीशी मिटवून बाईट स्कॅन, म्हणजे दोन्ही मिटलेल्या स्थितीचा स्कॅन, केला तर जबड्यांचं नातंही मिळतं, म्हणजे नाकाखालची उंची अंदाजाने ठरवावी लागत नाही. जुनी कवळी नसेल तर प्राथमिक स्कॅनवरून मी ट्रे छापून देतो, डॉक्टर नेहमीसारखं ग्रीन स्टिक लावून माप घेतात आणि ते माप स्कॅन करून पाठवतात. यात कमीपणा नाही. एक दिवस जास्त जातो, तेवढंच.

कुठे थांबायचं

एका बैठकीत तीन प्रयत्न. हा माझा नियम आहे, पुस्तकातला नाही. तिसऱ्यानंतर पेशंटचं तोंड दुखतं, लाळ वाढते, हिरड्या लाल होतात, आणि चौथा स्कॅन पहिल्यापेक्षा वाईट येतो.

माथा सपाट किंवा खोलगट असेल, हिरडी बोटाखाली लोंबत असेल, किंवा आधी दोन कवळ्या फुकट गेल्या असतील, तर केस प्रॉस्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे कृत्रिम दातांच्या तज्ज्ञाकडे, पाठवा. इंप्लांटवर, म्हणजे हाडात बसवलेल्या स्क्रूंवर, दातांची पूर्ण कमान बसवायची असेल तरी तिकडेच. तिथे दशांश मिलिमीटरची चूकही महाग पडते.

आणि स्कॅन करताना पडद्यावर जे मोठं होऊन दिसतं तेही बघत चला. आमच्या भागात मिश्री लावणाऱ्या बायका आहेत, सुपारी तर परसातच पिकते. तोंड दोन बोटंही उघडत नाही, गालाच्या आत पांढरट पट्टे लागतात, पांढरा-लाल चट्टा आहे, २ आठवड्यांहून जुनी न भरणारी जखम आहे: यातलं काहीही दिसलं तर कवळी, स्कॅन, तारीख सगळं बाजूला. 'कवळी घासत असेल' म्हणून सोडायचं नाही, कर्करोगाची सुरुवातही असू शकते. ओरल सर्जनकडे, त्याच आठवड्यात. एकदा माझ्याकडे आलेल्या फाइलमध्ये गालाकडच्या बाजूला खरबरीत उंचवटा दिसला. मला वाटलं जोड चुकला. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी पेशंटला परत बोलावून बघितलं. जोड बरोबर होता.

मशीनसाठी फोन करणार असाल, इंजिनिअरला किंवा मला, तर आधी चार गोष्टी हाताशी ठेवा: स्कॅन तुटतानाचा पडद्याचा व्हिडिओ, टिपेच्या आरशाचा उजेडात काढलेला फोटो, केसमध्ये निवडलेला पर्याय, आणि प्लास्टर मॉडेलचे दोन आकडे, कॅलिपरचा आणि सॉफ्टवेअरचा.